कामासाठी गाव बदलताना सरकारी शाळा कशी पारखावी? कोल्हापूरच्या निमित्ताने

एप्रिल-मे महिन्यात वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम मिळाले, इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी मिळाली, कुणाची बदली झाली. आता मुलांच्या शाळेचे काय? "कोल्हापूरकडच्या शाळा चांगल्या असतात म्हणे," एवढ्या भरवशावर मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून कुटुंबे निघतात. उलट दिशेने जाणारेही आहेत. चंदगड-आजऱ्याहून पुण्याला, कागल-गडहिंग्लजहून निपाणी-बेळगावला. "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून निघालेल्या घरातले मूल मात्र अनेकदा जूनऐवजी दिवाळीनंतर वर्गात बसते आणि मग ते मागे राहते.

हा लेख अशा कुटुंबांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. जिल्ह्याच्या नावावर शाळा निवडू नका. तुलना करायची ती घरापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन शाळांची. त्यासाठी काय पाहायचे, कुणाला विचारायचे आणि कोणते कागद सोबत न्यायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

कोल्हापूरचे नाव कशावर उभे आहे

कोल्हापूरच्या मातीत काही वेगळे नाही. येथे शिक्षण पसरले ते कायद्याने आणि पैशाने. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा आदेश निघाला. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले.

म्हणजे सक्ती, वसतिगृह, एकत्र बसणे आणि देखरेख या चार गोष्टींनी कोल्हापूरचे नाव झाले. या गोष्टी जिथे होतील तिथली शाळा सुधारते, मग जिल्हा कोणताही असो. शेजारच्या साताऱ्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने मुलांना शिकते केले, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही कामे एका बीटमध्ये, एका वाडीच्या शाळेत झाली. जिल्ह्याच्या सरासरीत ती शोधूनही सापडणार नाहीत.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. करवीर, हातकणंगले, शिरोळची सपाटी वेगळी आणि गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडचा डोंगराळ भाग वेगळा. डोंगरातल्या वाडीवर कमी पटाची, दोन शिक्षकांची शाळा आणि शहरातली गच्च भरलेली शाळा, दोन्ही "कोल्हापूरच्याच" शाळा आहेत.

आकडे काय सांगतात आणि काय लपवतात

तुलनेसाठी पाच प्रकारचे आकडे उपलब्ध असतात. प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिला, दहावीचा निकाल. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांसह पहिला, कोल्हापूर ९६.८७ टक्क्यांसह दुसरा आणि नागपूर ९०.७८ टक्क्यांसह शेवटचा होता. पण "कोल्हापूर विभाग" म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. त्यात अनुदानित, विनाअनुदानित अशा सगळ्या शाळा येतात. शिवाय निकाल फक्त परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आठवीत किंवा नववीत गळालेले मूल या टक्केवारीत कुठेच नसते, आणि आपल्या वस्तीतला प्रश्न नेमका त्याच मुलाचा असतो.

दुसरा, केंद्र सरकारचा जिल्हा कामगिरी निर्देशांक. यात जिल्ह्याला ६०० पैकी गुण देऊन "दक्ष"पासून "आकांक्षी"पर्यंत श्रेणी ठरते. मुलांना काय येते याबरोबर इमारत, सुरक्षितता, डिजिटल साधने आणि कारभार यांचेही गुण त्यात असतात. त्यामुळे एकूण श्रेणी पाहून थांबू नये. अध्ययन निष्पत्तीचे गुण वेगळे काढून पाहावेत.

तिसरा, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये "परख" या नावाने तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. दोन जिल्ह्यांतली मुले भाषा-गणितात कुठे आहेत हे त्यातून कळते. मात्र वर्ग वेगळे असल्यामुळे २०२१ आणि २०२४ चे आकडे शेजारी ठेवून "सुधारले" किंवा "घसरले" असे म्हणू नये.

चौथा, "असर" अहवाल. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणारा हा अहवाल घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासतो. तो फक्त ग्रामीण भागाचा असतो. कोल्हापूर शहराविषयी किंवा इचलकरंजीविषयी त्यातून काही कळत नाही.

पाचवा आणि सर्वांत उपयोगी, यूडायस. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांचा २७३४ ने सुरू होतो. शाळेचे नाव किंवा क्रमांक टाकला की पट, शिक्षक, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे यांची माहिती मोबाइलवर दिसते. घर भाड्याने घेण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करता येते.

सरासरी कशी फसवते, याचा एक सोपा हिशेब पाहा. एका शाळेत पहिली ते चौथीची ६० मुले आणि २ शिक्षक आहेत. दुसरीत १८ मुले आणि २ शिक्षक. दोन्ही मिळून ७८ मुलांना ४ शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे साडेएकोणीस मुले. कागदावर छान दिसते. पण पहिल्या शाळेतला प्रत्येक शिक्षक तीस मुलांचे दोन वर्ग एकाच वेळी सांभाळतो आहे. तुमचे मूल सरासरीत शिकत नाही, या दोनपैकी एका शाळेत शिकते.

"सरकारी शाळा" सगळीकडे एकच नसते

मराठवाड्यातून येणाऱ्या कुटुंबांना जिल्हा परिषद प्रशाला माहीत असते, म्हणजे दहावीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. कोल्हापूरकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुधा "विद्या मंदिर" या नावाने चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवीपर्यंत असते. पुढे माध्यमिक शिक्षण मुख्यत्वे खासगी अनुदानित संस्थांच्या हायस्कुलांत होते. त्यामुळे येथे दोन प्रश्न एकदम विचारावे लागतात: ही शाळा कितवीपर्यंत आहे, आणि त्यानंतर मुले कोणत्या हायस्कुलात जातात? मुलीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण पुढचे हायस्कूल लांब असेल तर शिक्षण तिथेच तुटण्याचा धोका असतो.

शहरात खोली कुठे घेता यावरही शाळा बदलते. कसबा बावडा किंवा राजारामपुरीत राहिलात तर महापालिकेची शाळा, आणि तक्रारीसाठी महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी. उचगाव, पाचगाव किंवा कळंब्यात राहिलात तर जिल्हा परिषदेची शाळा, आणि तक्रारीसाठी केंद्रप्रमुख व करवीर पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. इचलकरंजी २०२२ पासून स्वतंत्र महापालिका आहे, तिचा कारभार वेगळा.

महापालिकेची शाळा म्हणजे नाइलाज, असे समजणाऱ्यांनी जरगनगरची शाळा पाहावी. तिथे पहिलीच्या प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक रांगा लावतात. त्याच शहरात पटाअभावी ओस पडत चाललेल्या महापालिका शाळाही आहेत.

शाळेत गेल्यावर काय पाहावे

शक्य असेल तर कुटुंब हलवण्याआधी एकाने जाऊन शाळा पाहून यावे. ते जमत नसेल तर त्या गावातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन करून हे मुद्दे तपासायला सांगावे.

१. शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २, ९० पर्यंत ३ आणि १२० पर्यंत ४ शिक्षक हवेत. सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक, ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा यांसाठी शिक्षक हवेत. मंजूर पदे किती आणि आज हजर किती, हे दोन वेगळे आकडे विचारा.

२. वाचन. शाळेजवळच्या वस्तीतल्या तिसरी-चौथीच्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या. एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार घालून पाहा. कोणत्याही निर्देशांकापेक्षा हे अर्ध्या तासात जास्त सांगून जाते. मुलांना परीक्षा वाटू नये, खेळ वाटावा.

३. शिष्यवृत्ती. राधानगरी, भुदरगड, कागल भागातल्या जिल्हा परिषद शाळांची नावे शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत वर्षानुवर्षे दिसतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण "यादीत किती आली" याच्या जोडीने "वर्गातल्या उरलेल्या मुलांना वाचता येते का" हेही विचारा. तुमचे मूल पहिल्या पाचांत असेलच असे नाही.

४. पाणी, स्वच्छतागृह आणि आहार. मुलींचे स्वच्छतागृह वेगळे आहे का, त्याला कुलूप आहे का, पाणी येते का, ते स्वतः पाहा. पोषण आहाराच्या वेळी जाणे उत्तम.

५. वागणूक. पंगत एकत्र बसते का, वाढायला कोणती मुले असतात, झाडलोटीला नेहमी तीच मुले असतात का, २६ जानेवारीला भाषण कुणाला मिळते, ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला शाळेत काय होते, हे वस्तीतल्या मुलांना विचारा. वंचित घटकातील बालकाशी भेदभाव होऊ न देणे हे याच कायद्याच्या कलम ८ आणि ९ नुसार शासनाचे व स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे.

६. समिती. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. समितीची शेवटची बैठक कधी झाली, वस्तीतले कोण आहे, हे विचारा. उत्तर चटकन आले नाही तर ती समिती कागदावरच आहे असे समजावे.

दाखल्यासाठी मूल घरी बसवू नका

गाव बदलताना मुलांचे सर्वांत जास्त दिवस दाखल्याच्या नावाखाली जातात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यातले कलम ५ याच प्रश्नासाठी आहे. राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर मुलाला दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही; ते कलम १४ मध्ये आहे. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला कलम ४ नुसार वयाला शोभेल अशा वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे.

तीन मर्यादा ध्यानात ठेवा. हा हक्क ६ ते १४ वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावीसाठी दाखला आधीच हातात घ्या आणि दहावीच्या वर्षात शाळा बदलणे शक्यतो टाळा. दुसरे, खासगी विनाअनुदानित शाळेला कलम ५ लागू नाही. २५ टक्के राखीव जागेवर एका शाळेत प्रवेश मिळालेला असेल तर गाव बदलल्यावर ती जागा दुसऱ्या खासगी शाळेत हलवून मागता येत नाही. तिसरे, जुन्या शाळेने ऑनलाइन नोंदीतून मुलाचे नाव मोकळे केल्याशिवाय नव्या शाळेच्या यादीत ते चढत नाही. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना हे आठवणीने सांगा.

परीक्षांच्या अटीही पाहा. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते त्याच जिल्ह्यातून अर्ज करता येतो. कोल्हापूर जिल्ह्याचे नवोदय कागलला आहे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. म्हणजे चौथीत खेड्यातून शहरात आलेले मूल त्या जागेला मुकते. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळतात. ती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. उसनवारी करून मुलाला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालण्याआधी हा हिशेबही मांडावा.

रजिस्टरमधली नोंद

आपल्या कुटुंबांनी दाखला हाती घेतल्यावर नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात या चारही नोंदी अक्षर न अक्षर वाचाव्यात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रीय पातळीवर मिळाला. तरीही जातीच्या दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतोच. वडिलांच्या दाखल्यावर एक, मुलाच्या दाखल्यावर दुसरे आणि बहिणीच्या दाखल्यावर तिसरे, असे असेल तर जात पडताळणीच्या वेळी वर्षे जातात. मूल शाळेत असतानाच दुरुस्ती करून घेणे सोपे असते, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर अवघड.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. म्हणून मूळ गाव सोडताना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून जपून ठेवा. कमी पटाच्या शाळा बंद करून जोडण्याची चर्चा सुरू असताना जुनी रजिस्टरे कुठे जातील याची खात्री नाही.

सीमेपलीकडे जाताना

कोल्हापूरहून निपाणी किंवा बेळगावला जाणे म्हणजे अंतराने तासा-दोन तासांचा प्रवास, पण शाळेच्या दृष्टीने दुसरे राज्य. तिथल्या शाळा महाराष्ट्रापेक्षा साधारण पंधरवडाभर आधी सुरू होतात. मराठी माध्यमाची शाळा मिळाली तरी २०१५ च्या कायद्यामुळे कन्नड शिकावीच लागते. पाचवी-सहावीत गेलेल्या मुलाला लिपीपासून सुरुवात करावी लागेल, याची तयारी ठेवा.

आरक्षणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा स्थलांतर केलेल्या राज्यात आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि २०१८ च्या निकालांत सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. म्हणून आठवीनंतर सीमा ओलांडणाऱ्या कुटुंबाने मुलाला महाराष्ट्रातच वसतिगृहात ठेवण्याचा पर्यायही तपासावा. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या निवासी शाळा त्यासाठीच आहेत.

ऊसतोडीची मुले

कोल्हापूरला सर्वांत मोठ्या संख्येने येणारी मुले बदलीवाल्यांची नसून बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची असतात. ती दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्यासाठी "कुठली शाळा चांगली" हा प्रश्न "कुठल्या शाळेत नाव आहे आणि कुठल्या शाळेत बसतो" असा असतो. मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. सोबत आलेच तर कलम ५ याही मुलांना लागू आहे. फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेने त्यांना बसवून घेतले पाहिजे आणि परतताना काय शिकले याची नोंद द्यायला हवी. ऊसपट्ट्यातल्या आपल्या तरुणांनी हंगाम सुरू होताच कोप्यांवर जाऊन सहा ते चौदा वयाच्या मुलांची यादी करावी आणि ती मुख्याध्यापकांना लेखी द्यावी.

शाळा मिळाली, पुढे काय

बाबासाहेबांचे शिक्षणही गावे बदलत झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. पुढे कुटुंब मुंबईला गेले आणि ते एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले. दोन्ही शाळा सरकारी होत्या. सरकारी शाळेचे दार बंद झाले असते तर त्या घरापुढे दुसरे दार नव्हते, आणि आजही बहुतेक घरांपुढे नाही.

आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची शिफारस केली होती. त्या भागातल्या श्रीमंत-गरीब सगळ्यांची मुले एकाच शाळेत शिकतील, म्हणजे शाळा चांगली ठेवण्याची गरज सगळ्यांनाच राहील, हा त्यामागचा विचार. तो अमलात आला नाही. ज्यांना परवडते ते निघून गेले आणि उरलेल्यांचा आवाज कमी पडला. म्हणून चांगली शाळा शोधणे हे अर्धेच काम आहे. प्रवेश झाल्यावर व्यवस्थापन समितीच्या पालक सभेला जाणे, रिक्त पदाबद्दल लेखी विचारणे आणि वाचन येत नसेल तर जुलैतच बोलणे, हे उरलेले अर्धे.

विहारांना आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातल्या शाळांचा एक तक्ता फलकावर लावावा: शाळेचे नाव, यूडायस क्रमांक, कितवीपर्यंत, पट, हजर शिक्षक, पुढचे हायस्कूल, मुख्याध्यापकांच्या कार्यालयाचा क्रमांक आणि समितीतले आपले प्रतिनिधी. दर एप्रिलला तो नवा करावा. बाहेरगावाहून आलेले कुटुंब पहिल्या रविवारी विहारात येते, तेव्हा मुलांची नावे विचारून सोमवारी एक कार्यकर्ता त्यांच्यासोबत शाळेत जाईल, एवढे ठरवून टाकावे. दाखला नंतर येईल. मूल सोमवारीच वर्गात बसले पाहिजे.